खामगावची पेंड, कोल्हापूरचा गूळ : जुना कायदा इंटरनेटला कसा लावायचा आणि वर्गात कसा शिकवायचा

दरवर्षी सायबर कायद्याच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर फक्त एक साल लिहिते: १८७२. मुलं एकमेकांकडे बघतात. त्यांनी २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचा (आयटी ॲक्टचा) बेअर ॲक्ट, म्हणजे नुसत्या कलमांचं पुस्तक, आणलेला असतो आणि बाई भारतीय करार कायद्यापासून सुरुवात करताहेत, हे त्यांना पटत नाही. पण इंटरनेटवर जे घडतं, त्यातलं बहुतेक सगळं जुन्या कायद्यांनी आधीच ओळखलेलं आहे. सौदा, फसवणूक, बदनामी, धमकी, दुसऱ्याच्या नावावर धंदा करणं, सगळं. आयटी ॲक्टने या जुन्या भिंतीतल्या फटी बुजवल्या. भिंत त्याच्या आधीची आहे. हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी, स्वतः अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि तालुक्याला वकिली करताना अशी प्रकरणं हातात येणाऱ्या नव्या वकिलांसाठी मी माझी पद्धत पायरीपायरीने मांडते आहे.

हा वाद जुना आहे. १९९६ साली शिकागो विद्यापीठातल्या एका परिषदेत न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रूक म्हणाले की ‘सायबर कायदा’ शिकवणं म्हणजे ‘घोड्यांचा कायदा’ शिकवण्यासारखं आहे. घोडा विकला की करार, घोड्याने लाथ मारली की नुकसानभरपाई, घोड्यांच्या शर्यतीला परवाना. हे सगळं एकत्र बांधून घोड्यांचा वेगळा विषय होत नाही. मूळ विषय नीट शिका, घोडा आपोआप समजेल. १९९९ मध्ये कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी त्यांना उत्तर दिलं: इंटरनेटवर माणसाला काय करता येतं आणि काय नाही, हे सॉफ्टवेअरची रचनाच ठरवते, आणि कायदा शिकणाऱ्याने ते समजून घेतलंच पाहिजे. माझं मत विचाराल तर पदवीच्या वर्गात आधी ईस्टरब्रूक, मग लेसिग. ज्याला ‘प्रस्ताव’ आणि ‘स्वीकृती’ येत नाही, त्याला ‘आय ॲग्री’चं बटण काय करतं हे सांगून उपयोग नाही.

पहिली पायरी: घटना तंत्राचे शब्द काढून लिहा

पहिल्या आठवड्यात कलमांना हात लावू नका. एक घटना द्या आणि ती साध्या मराठीत, एकही तांत्रिक शब्द न वापरता लिहायला सांगा.

समजा, एकाने जुनं कपाट विकायची जाहिरात ऑनलाइन टाकली. ‘गिऱ्हाइका’चा फोन आला: “मी क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.” याने केलं, आणि पैसे गेले. विद्यार्थी पहिल्या झटक्यात ‘हॅकिंग’ असं लिहितात. तांत्रिक शब्द काढायला लावले की वाक्य असं होतं: एकाने खोटं सांगितलं, दुसऱ्याने ते खरं मानलं आणि स्वतःच्या हाताने पैसे दिले. म्हणजे ही सरळ फसवणूक. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आणि पैसे द्यायला लावले म्हणून ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या दंड संहितेतलं ४२० ते हेच. कुणाचाही संगणक फोडलेला नाही.

लगेच दुसरी घटना द्या. चोराने पाकीट मारलं, आत डेबिट कार्ड आणि चिठ्ठीवर पिन. तो एटीएममधून दहा हजार काढतो. वरवर पाहता हा गुन्हा पहिल्यासारखाच. पण फसवणुकीच्या व्याख्येत ‘कोणत्याही व्यक्तीला’ फसवणं असं आहे. इथे कोणती व्यक्ती फसली? यंत्राला पिन मिळाला, त्याने नोटा दिल्या. म्हणजे फसवणुकीची व्याख्या इथे लंगडते आणि आपल्याला चोरीकडे वळावं लागतं, शिवाय दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख-खूण अप्रामाणिकपणे वापरल्याबद्दल आयटी ॲक्टच्या ६६सी कडे. नवीन कलमाची गरज नेमकी कुठे लागते, हे विद्यार्थ्याला इथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

दुसरी पायरी: ताण पडलेला शब्द शोधा

माझ्या मते हा या विषयाचा गाभा आहे. त्याला निदान दोन आठवडे द्या आणि सुरुवात खामगावपासून करा.

२२ जुलै १९५९. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावच्या एका जिनिंग-ऑइल मिलशी सरकीच्या पेंडीचा सौदा केला, तोही लांब पल्ल्याच्या फोनवर. पेंड आली नाही. व्यापाऱ्याने अहमदाबादच्या शहर दिवाणी न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगाववाले म्हणाले की स्वीकृतीचे शब्द आम्ही खामगावात उच्चारले, तेव्हा करार खामगावात झाला, अहमदाबादच्या न्यायालयाला अधिकारच नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल परशोत्तमदास, एआयआर १९६६ एससी ५४३ (‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या निकालसंग्रहातला संदर्भ).

करार कायद्याचं कलम ४ आहे पत्राच्या काळातलं. स्वीकृतीचं पत्र टपालात पडलं, ते पाठवणाऱ्याच्या हाताबाहेर गेलं, की प्रस्ताव करणारा बांधला जातो. कायदा १८७२ चा. टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. मग फोनला काय लावायचं? बहुमताने म्हटलं, फोनवर बोलणारे जणू समोरासमोरच असतात, त्यामुळे स्वीकृती जिथे ऐकू येते तिथे करार होतो, म्हणजे अहमदाबादला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळा निकाल दिला. त्यांचं म्हणणं, कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टेलिफोन नव्हता हे खरं, टेलस्टार आणि अर्ली बर्डसारखे उपग्रह तर नव्हतेच. पण कलमाचे शब्द स्पष्ट आहेत. काळ पुढे गेला असेल तर कायदा बदलावा, न्यायालयाने शब्द वाकवू नयेत.

वर्गाचे दोन भाग करा. अर्ध्यांनी बहुमताची बाजू मांडायची, अर्ध्यांनी हिदायतुल्लांची. दोन्ही गटांना निकालाचं मूळ वाचायला लावा, गाइडमधला सारांश नको. इंटरनेटच्या प्रत्येक खटल्यात न्यायाधीशापुढे हाच प्रश्न उभा राहतो: जुना शब्द ताणायचा, की विधिमंडळाची वाट बघायची? ज्याने हा वाद एकदा मनापासून लढवला, त्याला पुढचं सगळं सोपं जातं. मला स्वतःला हिदायतुल्लांचा युक्तिवाद जास्त भक्कम वाटतो आणि बहुमताचा निकाल जास्त सोयीचा. हे मी वर्गात उघड सांगते, म्हणजे विद्यार्थी माझ्याशी भांडायला मोकळे होतात.

मग तोच प्रश्न आजच्या फोनमध्ये आणा. कोल्हापूरचा गुळाचा व्यापारी पुण्याच्या दुकानदाराला व्हॉट्सॲपवर लिहितो: “कालच्याच भावाने दहा क्विंटल. उद्या गाडी भरू का?” दुकानदार सोलापूरला जाणाऱ्या एसटीत आहे. तो फक्त अंगठ्याचं चित्र पाठवतो. रात्री भाव पडतो आणि दुकानदार म्हणतो, मी ‘बघितलं’ एवढंच कळवलं होतं.

फळ्यावर प्रश्न एकेक करून काढा. अंगठा म्हणजे स्वीकृती का? कलम ७ म्हणतं, स्वीकृती निखळ आणि बिनशर्त हवी, आणि ती नेहमीच्या, वाजवी रीतीने व्यक्त झालेली हवी. मग या दोघांमधली ‘नेहमीची रीत’ कोणती? हुशार विद्यार्थी इथे थांबून विचारतो: “बाई, आधीच्या सहा महिन्यांचं चॅट कुठाय?” हा प्रश्न आला की मला तास सार्थकी लागल्यासारखा वाटतो, कारण वकील हेच विचारेल. स्वीकृती पूर्ण कधी झाली? एक खूण, दोन खुणा की निळ्या खुणा? आयटी ॲक्टचं कलम १३ सांगतं की संदेश पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक यंत्रणेत शिरला की तो ‘रवाना’ झाला. आणि जागा कोणती, एसटी की पुणे? त्याच कलमानुसार, वेगळं ठरलं नसेल तर धंद्याचं ठिकाण धरायचं. म्हणजे एसटी कुठल्या स्टँडवर उभी होती याला महत्त्व उरत नाही. याच कलमाच्या आधारे २००५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पी. आर. ट्रान्सपोर्ट एजन्सीच्या प्रकरणात ई-मेलवर आलेली स्वीकृती जिथे ती घेणाऱ्याचा धंदा आहे तिथे पोचली असं धरलं.

‘डिलीट फॉर एव्हरीवन’ शिकवायचं असेल तर कलम ४ ची उदाहरणं उघडा. प्रस्ताव तारेने मागे घेतला तर तो कधी मागे गेला असं धरायचं, हे तिथे १८७२ पासून लिहिलेलं आहे. ज्याने तो मागे घेतला त्याच्यापुरतं तार रवाना झाल्यावर, समोरच्यापुरतं तार त्याला मिळाल्यावर. आता विचारा: पुसलेला संदेश समोरच्याला ‘मिळाला’ का?

तिसरी पायरी: जिथे शब्द पुरतच नाही, ती जागा दाखवा

कर्मचाऱ्याने कंपनीची ग्राहकयादी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. ही चोरी का? जुन्या दंड संहितेत चोरी ‘जंगम मालमत्ते’ची होती आणि जंगम मालमत्ता म्हणजे मूर्त, हाताला लागणारी वस्तू. नव्या न्याय संहितेच्या कलम २(२१) मधून ‘मूर्त’ हा शब्द गेला आहे. दोन्ही व्याख्या शेजारी शेजारी लिहा आणि गेलेला शब्द विद्यार्थ्यांना शोधू द्या. पण तिथेच थांबू नका. चोरीला वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून जावी लागते, हलवावी लागते. यादीची नक्कल झाली तरी यादी कंपनीकडे आहेच. म्हणून आयटी ॲक्टच्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय माहिती उतरवून घेण्याचा वेगळा उल्लेख करावा लागला, आणि अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ खाली तो गुन्हा ठरवावा लागला. विजेच्या बाबतीत हीच अडचण आधी आली होती. अवतार सिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की वीजचोरी दंड संहितेखाली आपोआप चोरी होत नाही. विद्युत कायद्याने तिला चोरी मानलं म्हणून ती चोरी.

उलट उदाहरणही द्या, जिथे जुना कायदा काही न बदलता पुरला. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे रेडिफ या संकेतस्थळाच्या नावाशी एका अक्षराचा फरक असलेल्या ‘रॅडिफ’ या डोमेन नावाचा वाद आला. न्यायालयाने दुकानाच्या पाटीला जो नियम लागतो तोच लावला: गिऱ्हाइकाचा घोटाळा होईल असं नाव घेऊन दुसऱ्याच्या नावलौकिकावर धंदा करता येणार नाही.

चौथी पायरी: दोन कायदे एकत्र आले तर कोण वरचढ

प्रत्येक घटनेसाठी कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे न्याय संहितेच्या कलमाचे घटक, उजवीकडे आयटी ॲक्टच्या कलमाचे. सगळे घटक उजव्या रकान्यात मावले, तर आयटी ॲक्टचं कलम ८१ आडवं येतं, कारण तो विशेष कायदा आहे आणि विशेष कायदा सर्वसाधारण कायद्यावर वरचढ ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शरत बाबू दिगुमर्ती प्रकरणात अश्लील मजकुराबाबत हेच सांगितलं. २०१८ मध्ये गगन हर्ष शर्मा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने माहिती-चोरीच्या आरोपात दंड संहितेची कलमं लावू दिली नाहीत. आरोपीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. दंड संहितेची ४०८ (नोकराने केलेला विश्वासघात) आणि ४२० अजामीनपात्र, आयटी ॲक्टचं ६६ जामीनपात्र. तपास कोण करणार हेही बदलतं: आयटी ॲक्टच्या गुन्ह्याला कलम ७८ प्रमाणे निदान पोलीस निरीक्षक हवा. पोलीस ठाण्यात इंटर्नशिप करणाऱ्या मुलांना एफआयआरमध्ये हे आधी बघायला सांगा.

याच पायरीवर पालघर शिकवा. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून तिथल्या दोन तरुणींना अटक झाली आणि आयटी ॲक्टचं कलम ६६अ, आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना शिक्षा देणारं, देशभर चर्चेत आलं. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल निकालात ते रद्द झालं. मुलांना नुसतं ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ लिहू देऊ नका. ६६अ मध्ये ‘त्रास’, ‘गैरसोय’ असे शब्द होते, त्यांना व्याख्या नव्हती. त्याच्या शेजारी अब्रुनुकसानीचं कलम ठेवा, आजचं ३५६. त्याला व्याख्या आहे, स्पष्टीकरणं आहेत, दहा अपवाद आहेत. दीडशे वर्षं न्यायालयांनी घासून गुळगुळीत केलेलं कलम आणि घाईत लिहिलेलं कलम यांतला फरक एका पानावर दिसतो. त्या दोन मुलींना कोठडीचं दार बघावं लागलं, ते अशा सैल शब्दांमुळे. कायदा लिहिताना शब्द मोजूनमापून का वापरायचा, हे यापेक्षा चांगलं मला सांगता येत नाही.

पाचवी पायरी: कुठल्या न्यायालयात

यावर फार वेळ घालवू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १९ आणि त्याची उदाहरणं पुरेत. दिल्लीत राहणाऱ्याने कोलकात्यात बदनामीचा मजकूर प्रसिद्ध केला, तर कोलकात्यात किंवा दिल्लीत दावा लावता येतो, असं १९०८ पासून तिथे छापलेलं आहे. मग विचारा: पोस्ट सगळीकडेच दिसत असेल तर ती ‘प्रसिद्ध’ कुठे झाली? ज्याने वाचली त्याच्या गावी? प्रत्येक गावी? मुलांना दोन पानं लिहू द्या आणि मगच निकाल दाखवा.

सहावी पायरी: पुरावा, हाताने करून

कायद्याचा मुद्दा अचूक मांडूनही प्रकरण स्क्रीनशॉटवर अडकतं. म्हणून ही पायरी प्रयोगशाळेसारखी घ्या.

खटला जालन्याचा: अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल. २०१४ ची विधानसभा निवडणूक, २९६ मतांचा फरक. वाद असा की उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण सीडीवर होतं, पण पुरावा कायद्याच्या ६५ब प्रमाणे लागणारं प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याच्या उलटतपासणीतून काम भागवून निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रमाणपत्र सक्तीचं आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र, ज्याने ते मिळवण्यासाठी हातात होतं ते सगळं केलं त्याला अशक्य गोष्टीची सक्ती करता येणार नाही. त्याने न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवून घ्यावं. मूळ यंत्रच, म्हणजे स्वतःचा फोन किंवा लॅपटॉप, मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही, हेही याच निकालात आहे. अपिलं फेटाळली गेली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचा नमुना आता परिशिष्टातच दिला आहे, दोन भागांत: एक पक्षकाराने भरायचा, एक तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश किंमत लिहावी लागते. ‘हॅश’ म्हटलं की कला शाखेतून आलेली मुलं घाबरतात. त्यांना संगणकापुढे बसवा. एका ओळीची फाइल करा, एसएचए-२५६ ने तिची हॅश काढा: ६४ अंक-अक्षरांची माळ येते. वहीत उतरवून घ्या. आता फाइलमध्ये एक स्वल्पविराम वाढवा, पुन्हा काढा. सगळी माळ बदललेली असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा, हे त्या क्षणी कळतं.

पुढचा प्रयोग जास्त कामाचा. फोनने फोटो काढा, तो व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवा आणि दुसऱ्यांदा ‘डॉक्युमेंट’ म्हणून. तिन्ही फाइलींची हॅश काढा. फोटो म्हणून पाठवलेली फाइल आकसते, तिची हॅश जुळत नाही; डॉक्युमेंट म्हणून पाठवलेलीची जुळते. पक्षकाराने ‘मी तुम्हाला पुरावा फॉरवर्ड केलाय’ म्हटलं की तुमच्या विद्यार्थ्याने म्हणायला हवं: “फोन घेऊन या, आणि त्यातलं काही पुसू नका.”

शेवटी प्रत्येकाने जालन्याच्या घटनेवर परिशिष्टातला नमुना पेनाने पूर्ण भरायचा. तो तीन वेळा भरेपर्यंत चुकतो. चुकू द्या.

सातवी पायरी: काय वाचायचं

कायद्याचं अद्ययावत रूप इंडिया कोडच्या सरकारी संकेतस्थळावर बघा, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्याच्या ऑनलाइन निकालसंग्रहात फुकट मिळतात आणि काहींची मराठी भाषांतरंही आहेत. समाजमाध्यमांना लागणारे २०२१ चे मध्यस्थ नियम वारंवार दुरुस्त होतात. त्यासाठी छापील पुस्तकावर विसंबू नका. घटनेची तारीख पहिल्या ओळीत लिहायची सवय लावा. ३० जून २०२४ च्या रात्रीपर्यंतचा गुन्हा असेल तर दंड संहिता, त्यानंतरचा असेल तर न्याय संहिता. निकालांत पुढची कित्येक वर्षं जुने आकडे भेटणार, तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर जोड्या लिहून ठेवा: ४२० चं ३१८(४), अब्रुनुकसानीच्या ४९९ चं ३५६, पाठलागाच्या ३५४ड चं ७८, ६५ब चं ६३.

आठवी पायरी: प्रश्नपत्रिका

‘आयटी ॲक्टची वैशिष्ट्ये सांगा’ हा प्रश्न काढू नका. एक घटना द्या, मुद्दाम अपुरी. मी गेल्या वेळी ही दिली होती: एका आजोबांनी मृत्यूच्या आठ दिवस आधी मुलीला ई-मेल केला, ‘सातारचं घर तुझं’, खाली त्यांची डिजिटल सही. मुलगा म्हणतो, असं मृत्युपत्र होत नाही.

बहुतेकांनी डिजिटल सहीवर पानं भरली. उत्तर मात्र आयटी ॲक्टच्या पहिल्याच कलमात आणि पहिल्या अनुसूचीत होतं: मृत्युपत्राला हा कायदा लागूच होत नाही. मग पुन्हा जुन्याकडे, भारतीय वारसा कायदा १९२५, कलम ६३, दोन साक्षीदार. एका मुलीने एवढं लिहून खाली एक ओळ जोडली होती: ‘आजोबांनी या ई-मेलचा प्रिंट काढून दोन माणसांसमोर त्यावर पेनाने सही केली होती का, हे मी मुलीला आधी विचारीन.’ दहापैकी दहा गुण दिले.